डेफिनिशनवर उडी बसत नाही? एडिटर काढून टाकण्याआधी हे तपासा

फंक्शनच्या नावावर कर्सर ठेवून एफ१२ दाबलं की कोड एडिटर थेट ते फंक्शन जिथे लिहिलंय तिथे, म्हणजे त्याच्या डेफिनिशनवर, नेऊन सोडतो. ही सोय बंद पडली की प्रत्येक नाव सगळ्या प्रोजेक्टभर शोधत बसावं लागतं आणि हातातलं काम बाजूलाच राहतं. अशा वेळी बरेच जण एडिटर काढून पुन्हा टाकतात. त्याने सहसा काहीच बदलत नाही, कारण बहुतेक वेळा बिघाड एडिटरमध्ये नसतोच.

डेफिनिशन कुठे आहे हे एडिटरला स्वतःला ठाऊक नसतं. तो लँग्वेज सर्व्हर नावाच्या वेगळ्या प्रोग्रामला विचारतो, सर्व्हर फाइल आणि ओळ सांगतो, मग एडिटर तिथे जातो. या संवादाची ठरलेली पद्धत, लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल, मायक्रोसॉफ्टने २०१६ मध्ये जाहीर केली. आज व्हीएस कोड, निओव्हिम असे अनेक एडिटर तीच वापरतात. खाली मेनूंची नावं व्हीएस कोडची आहेत, पण तपासण्याचा क्रम इतर एडिटरनाही चालतो.

सुरुवात उजव्या क्लिकने करा. नावावर उजवं क्लिक केल्यावर मेनूत ‘गो टू डेफिनिशन’ दिसतंय का? दिसतंय आणि त्यावरून उडी बसतेय, म्हणजे दोष फक्त कीचा. अनेक लॅपटॉपवर एफ१२ साठी एफएन कीसुद्धा दाबावी लागते. कंट्रोल दाबून क्लिक करण्याची सवय असेल तर सेटिंगमध्ये ‘मल्टी कर्सर मॉडिफायर’ बघा. ते कंट्रोलवर ठेवलं असेल तर उडीसाठी आल्ट दाबून क्लिक करावं लागतं.

मेनूत तो पर्यायच नसेल, तर या फाइलसाठी उत्तर द्यायला कुणी हजर नाही. खिडकीच्या खाली उजव्या कोपऱ्यात भाषेचं नाव असतं. तिथे ‘प्लेन टेक्स्ट’ दिसलं तर त्यावर क्लिक करून योग्य भाषा निवडा. भाषा बरोबर असेल तर तिचं एक्स्टेन्शन, म्हणजे एडिटरला जोडायचा पूरक प्रोग्राम, आहे का आणि चालू आहे का ते पाहा. एसएसएचने दुसऱ्या मशीनवर किंवा डब्ल्यूएसएलवरून, म्हणजे विंडोजमधल्या लिनक्सवर, काम करत असाल तर ते एक्स्टेन्शन पलीकडच्या मशीनवरही लागतं, आणि नेमकं हेच विसरलं जातं. फोल्डर ‘रिस्ट्रिक्टेड मोड’मध्ये उघडलं असेल तरी काही एक्स्टेन्शन बंद राहतात. कोड विश्वासाचा असेल तरच त्याला परवानगी द्या.

पर्याय दिसतो, पण ‘नो डेफिनिशन फाउंड’ असा संदेश येतो? मग सर्व्हरला तुमचा प्रोजेक्ट नीट दिसत नसण्याची शक्यता मोठी. आधी सुटी फाइल न उघडता प्रोजेक्टचं मूळ फोल्डर उघडा. त्यानंतर भाषेप्रमाणे बघावं लागतं.

पायथॉनमध्ये बहुतेक वेळा चुकतो तो इंटरप्रिटर, म्हणजे कोड चालवणारा पायथॉन. एका प्रोजेक्टमध्ये माझी अर्धी सकाळ यात गेली होती. टर्मिनलमध्ये प्रोग्राम व्यवस्थित चालत होता, पण एडिटरमध्ये वरच्या इम्पोर्टखाली पिवळी नागमोडी रेघ होती आणि त्या लायब्ररीतल्या एकाही नावावर उडी बसत नव्हती. लायब्ररी प्रोजेक्टच्या व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये, म्हणजे त्याच्या स्वतंत्र पायथॉनमध्ये, होती आणि एडिटर मात्र सिस्टमच्या पायथॉनकडे बघत होता. कंट्रोल, शिफ्ट आणि पी दाबून ‘पायथॉन: सिलेक्ट इंटरप्रिटर’ उघडलं, प्रोजेक्टचा इंटरप्रिटर निवडला आणि रेघ गेली, उडीही बसू लागली. म्हणून पायथॉनमध्ये उडी अडली की आधी इम्पोर्टच्या ओळी बघा.

सी आणि सी प्लस प्लससाठी क्लँगडी हा लँग्वेज सर्व्हर वापरत असाल तर त्याला प्रत्येक फाइल कोणत्या फ्लॅगने, म्हणजे कोणते पर्याय देऊन, कंपाइल होते ते कळायला हवं. ती माहिती ‘कंपाइल_कमांड्स.जेसन’ या फाइलमध्ये असते. बिल्डसाठी सीमेक हे साधन असेल तर ‘सीमेक_एक्सपोर्ट_कंपाइल_कमांड्स’ हा पर्याय ऑन करून कॉन्फिगर केलं की, मेकफाइल किंवा निंजा जनरेटर असल्यास, ती बिल्ड फोल्डरमध्ये तयार होते. जावास्क्रिप्ट आणि टाइपस्क्रिप्टमध्ये पॅकेजेस इन्स्टॉल केली आहेत ना ते पाहा. इम्पोर्टला छोटी नावं दिली असतील तर ती ‘टीएसकॉन्फिग.जेसन’मधल्या ‘पाथ्स’मध्ये नोंदवलेली हवीत. फाइली एकत्र बांधणाऱ्या बंडलरला ती माहीत असली म्हणून सर्व्हरला कळत नाहीत.

एवढं करूनही हलेना, तर सर्व्हर रीस्टार्ट करा. टाइपस्क्रिप्टसाठी ‘रीस्टार्ट टीएस सर्व्हर’ ही कमांड आहे; बाकी भाषांना ‘रीलोड विंडो’ चालते. मोठ्या प्रोजेक्टमध्ये इंडेक्स तयार व्हायला वेळ लागतो, तोवर थांबा. मग ‘आउटपुट’ पॅनेल उघडून उजवीकडच्या यादीतून त्या भाषेचा सर्व्हर निवडा. लोक हा लॉग वाचायचं टाळतात, पण फाइल सापडली नाही, सर्व्हर कोसळला, आवृत्ती जुळत नाही, अशी कारणं बऱ्याचदा तिथे सरळ लिहिलेली असतात.

कधी उडी बसते, पण भलत्याच ठिकाणी. टाइपस्क्रिप्टमध्ये लायब्ररीच्या नावावरून तुम्ही ‘.डी.टीएस’ फाइलमध्ये पोचता आणि तिथे फक्त टाइप असतात. हा बिघाड नाही. खरा कोड हवा असेल तर टाइपस्क्रिप्ट ४.७ पासून ‘गो टू सोर्स डेफिनिशन’ मिळतं. एकाच नावाची दोन सारखी उत्तरं येत असतील तर एकाच भाषेची दोन एक्स्टेन्शन चालू असावीत. मायक्रोसॉफ्टचं सी प्लस प्लस एक्स्टेन्शन आणि क्लँगडी सोबत असले की असं होतं. पहिल्यातलं इंटेलिसेन्स, म्हणजे उडी आणि सूचना देणारा भाग, बंद करा.

आणि नाव प्रोग्राम चालताना तयार होत असेल, उदाहरणार्थ पायथॉनमध्ये ‘गेटअॅट्र’ या फंक्शनला व्हेरिएबलमधून नाव देऊन, तर सर्व्हर कोड न चालवता वाचत असल्यामुळे त्याला ते दिसणं कठीणच. तिथे सेटिंग बदलत बसू नका. कंट्रोल, शिफ्ट आणि एफ दाबून त्या नावाचा एखादा तुकडा शोधा.