स्वस्तातलं हेल्मेट, महागातलं चलन

साताऱ्यात हायवेच्या कडेला दोरीवर टांगलेली दोन-तीनशेची हेल्मेटं घेणाऱ्यांनो, पोलिसानं अडवलं तर ‘घातलंय की!’ म्हणून सुटका होईलच असं नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ ला भारतीय मानकाचंच हेल्मेट लागतं, तेही पट्टा नीट लावलेलं. नुसतं डोक्यावर ठेवलेलं चालत नाही. मागं बसणाऱ्या वहिनींनाही तोच नियम. कलम १९४-ड मध्ये हजार रुपये दंड आहेच, शिवाय लायसन्स तीन महिने अपात्र. दंड भरून मोकळं होता येतं, पण रोज गाडीवर एमआयडीसी गाठणाऱ्याला तीन महिने जड जातील.

घेताना मागचा शिक्का बघा: आयएसआय खूण, तिच्यावर आयएस ४१५१ हा हेल्मेटच्या मानकाचा नंबर आणि खाली सीएम/एल या अक्षरांपुढं कंपनीचा लायसन्स नंबर. खोटं स्टिकर छापायला काय लागतं? म्हणून तो लायसन्स नंबर दुकानातच भारतीय मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ ॲपवर टाका. कंपनीचं नाव जुळलं नाही तर हेल्मेट परत ठेवा. १ जून २०२१ पासून बिनआयएसआय दुचाकी हेल्मेट विकणंही बेकायदा आहे, त्यामुळं पक्कं बिल मागायला लाजू नका.