नॉर्वेत नव्याने येताय? आधी चार्जिंगची सोय, मग गाडी

पुण्या-मुंबईहून ओस्लोला किंवा स्ताव्हांगरला आलेल्या प्रत्येकाचा पहिल्या महिन्यातला प्रश्न ठरलेला असतो: "दादा, इथल्या थंडीत इलेक्ट्रिक गाडी चालते का हो?" चालते. 2024 मध्ये या देशात विकल्या गेलेल्या नव्या मोटारींपैकी सुमारे 89 टक्के पूर्ण विजेवरच्या होत्या. थंडीची काळजी थोडी बाजूला ठेवा आणि आधी मला सांगा, घर कुठे बघताय आणि गाडी रात्री कुठे उभी राहणार आहे. इथे गाडीचं सुख-दुःख त्यावर ठरतं.

स्ताव्हांगरला तेलाच्या क्षेत्रात नोकरीला आलेल्यांना हे सगळं जरा विचित्र वाटतं. दिवसभर ऑफशोअर प्लॅटफॉर्मची ड्रॉइंग तपासायची आणि संध्याकाळी विजेच्या गाडीने घरी यायचं. पण 1969 मध्ये एकोफिस्कला तेल सापडलं त्याच्या कितीतरी आधीपासून हा देश धबधब्यांच्या विजेवर चालत आलाय. आजही इथली बहुतेक वीज पाण्यापासूनच बनते. तेल आणि गॅस मुख्यतः बाहेर विकला जातो. गाड्यांचं म्हणाल तर खरी किमया कराची आहे. पेट्रोलच्या गाडीवर नोंदणीचा जबर कर आणि वर 25 टक्के व्हॅट, तर विजेच्या गाडीला वर्षानुवर्षं दोन्ही माफ. 2023 पासून व्हॅटची ही माफी किमतीच्या ठरावीक मर्यादेपर्यंतच मिळते (सुरुवातीला ती 5 लाख क्रोनर होती) आणि सरकारचा कल ती मर्यादा खाली आणण्याकडे आहे. म्हणून नवी गाडी घेताना चालू वर्षाचा नियम बघूनच हिशोब मांडा. टोलही आता फुकट राहिलेला नाही, पण पेट्रोल गाडीपेक्षा कमी पडतो.

आता घराकडे येऊ. फ्लॅट घेणार असाल तर तो बहुधा बोरेत्सलाग किंवा सामएइए प्रकारच्या सोसायटीत असेल. स्वतःच्या पार्किंगच्या जागेवर चार्जर बसवण्याचा हक्क कायद्याने दिलाय आणि सबळ कारण असल्याशिवाय सोसायटीच्या स्त्यूरेला, म्हणजे कमिटीला, नाही म्हणता येत नाही. मात्र हा हक्क घराच्या मालकाचा आहे. तुम्ही भाडेकरू असाल तर सगळं मालकामार्फत होणार. आपली मंडळी नेमकी इथेच अडकतात. जाहिरातीत "गॅरेज आहे" असं वाचून भाडेकरार सही करतात आणि नंतर कळतं की गॅरेजमध्ये चार्जर नाही, मालकाला खर्च करायचा नाही आणि पुढची वार्षिक सभा वसंतात आहे. म्हणून घर बघायला जाल तेव्हा स्वयंपाकघर बघण्याआधी तळघरातल्या गॅरेजमध्ये जा. तुमच्या जागेसमोरच्या भिंतीवर चार्जर आहे का, तो कोणाच्या नावावर आहे, युनिटमागे काय दर लावतात, हे विचारा आणि करारात लिहून घ्या.

स्वतंत्र घर असेल तर आणखी एक गोष्ट बघावी लागते. इथल्या बऱ्याच घरांत, विशेषतः जुन्या वस्त्यांत, आयटी-नेट नावाची 230 व्होल्टची जुनी व्यवस्था आहे. त्यात न्यूट्रल नसतो. नव्या भागांत 400 व्होल्टचं जाळं असतं आणि तिथे थ्री-फेज चार्जिंग आरामात होतं. आयटी-नेटवर बहुतेक गाड्या सिंगल फेजवरच, म्हणजे जास्तीत जास्त 7 किलोवॅटच्या आसपास चार्ज होतात. रात्रभरासाठी तेवढं पुष्कळ झालं. काही जुन्या मॉडेलना मात्र या जाळ्यावर चार्ज व्हायलाच अडचण येते, तेव्हा जुनी गाडी घेताना हे विचाराच. साध्या प्लगला एक्स्टेंशन बोर्ड लावून रोज गाडी चार्ज करू नका. लाकडी घरांचा देश आहे हा, तासन्‌तास चालणाऱ्या करंटने प्लग तापतो. चार्जर नोंदणीकृत इलेक्ट्रिशियनकडूनच बसवून घ्या आणि काम झाल्यावर सामस्वार्सएर्क्लेरिंग हा कागद मागून जपून ठेवा. उद्या विम्याचा प्रश्न आला तर तोच कामाला येतो.

विजेच्या बिलाचे दोन भाग असतात आणि दोन्ही समजून घ्यायला हवेत. एक विजेची किंमत. देशाचे पाच वीज-विभाग आहेत. ओस्लो एका विभागात, स्ताव्हांगर दुसऱ्यात, ट्रोम्सो आणखी वेगळ्या. उत्तरेत वीज सहसा बरीच स्वस्त असते आणि तिथल्या घरगुती विजेवर व्हॅटही नाही. ऑक्टोबर 2025 पासून नॉर्गेस्प्रीस नावाचा ठरावीक सरकारी दर निवडता येतो: व्हॅटसह 50 ओरे (अर्धा क्रोनर) प्रति युनिट. म्हणजे 60 युनिट भरलीत तर विजेचे 30 क्रोनर. हा दर घेतला की सरकारची दुसरी वीज-सवलत मिळत नाही, पण दक्षिणेत राहणाऱ्या आणि रोज गाडी वापरणाऱ्या कुटुंबाने तो नक्की तपासून बघावा.

दुसरा भाग नेटलाइए, म्हणजे तारांचं भाडं. इथे नवे लोक हमखास चकतात. त्यातली एक रक्कम तुम्ही महिन्यात एकूण किती वीज वापरली यावर ठरत नाही, एका तासात एकदम किती ओढली यावर ठरते. महिन्यातल्या तीन वेगवेगळ्या दिवसांचे सर्वांत जास्त वापराचे तास घेऊन त्यांची सरासरी काढतात. संध्याकाळी सहाला ओव्हन चालू, हीटर चालू, गीझर तापतोय आणि त्यात गाडीही लावली, असं तीन दिवस झालं की पूर्ण महिना वरच्या पायरीचा दर. नॉर्गेस्प्रीस घेतला तरी हे चुकत नाही. चार्जरच्या ॲपमध्ये सुरू होण्याची वेळ रात्री अकरानंतरची लावून टाका.

आता थंडी. नॉर्वेची वाहनचालक संघटना नाफ दर हिवाळ्यात बऱ्याच गाड्या एकाच रस्त्यावर बॅटरी संपेपर्यंत पळवते. कंपनीने सांगितलेल्या रेंजपेक्षा, म्हणजे एका चार्जमध्ये जाता येणाऱ्या अंतरापेक्षा, प्रत्यक्षात किती मिळाली, हे त्यातून कळतं. गाडी घेण्याआधी तिचा निकाल जरूर वाचा. कडाक्याच्या थंडीसाठी मी जाहीर रेंजमधून एक तृतीयांश वजा धरायला सांगतो. त्यातही लांबच्या प्रवासापेक्षा बारनेहागेपर्यंतच्या, म्हणजे बालवाडीपर्यंतच्या, दोन-चार किलोमीटरच्या फेऱ्या जास्त खातात, कारण प्रत्येक वेळी थंडगार गाडी नव्याने तापवावी लागते. स्क्रीनवरचा रेंजचा घटलेला आकडा बघून घाबरू नका. गाडी चार्जरला जोडलेली असतानाच निघायच्या अर्धा तास आधी आतलं हीटिंग लावा. उष्णता घरच्या विजेची, बॅटरी भरलेली आणि काचेवरचा बर्फही वितळलेला. फास्ट चार्जरवर जाताना तो चार्जर गाडीच्या नेव्हिगेशनमध्ये टाकून निघा, म्हणजे बॅटरी वाटेतच गरम होते. थंड बॅटरी अतिशय सावकाश भरते आणि तुमच्यामागे रांग असते. ईस्टरच्या सुट्टीत गोल आणि गाइलो या डोंगरातल्या गावांच्या वाटेवर ही रांग मोठी होते, त्या दिवसांत पहाटे निघालेलं बरं.

उघड्यावर चार्ज करत असाल तर केबलचं तोंड जोडण्याआधी खाली धरून झटका, आत बर्फ राहिला तर तो पाणी होऊन पुन्हा गोठतो आणि प्लग निघता निघत नाही. एलईडी दिवे तापत नाहीत, त्यावरचा बर्फ आपोआप वितळत नाही, तो हाताने पुसावा लागतो. निसरड्या रस्त्यावर रीजनरेशन (पाय उचलताच मोटरच गाडीचा वेग कमी करून बॅटरी भरते ते) कमी ठेवा, विशेषतः मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत. ॲक्सिलरेटरवरून पाय झटकन उचलला तर गाडी मागून फिरू शकते.

लायसन्सचं मात्र लगेच मनावर घ्या. भारतीय लायसन्स इथे पहिले तीन महिनेच चालतं. पुढे नॉर्वेजियन लायसन्स काढावं लागतं. त्यात निसरड्या ट्रॅकवर गाडी घसरवून शिकवणारा एक सक्तीचा वर्ग असतो. तो महाग आहे, पण मन लावून करा.

जुनी गाडी घेत असाल तर चार गोष्टी बघा: बॅटरीच्या प्रकृतीचा चाचणी अहवाल, हीट पंप (कमी विजेत गाडी आतून गरम करणारी यंत्रणा) आहे की नाही, शेवटची ईयू-कंट्रोल, म्हणजे गाडीची ठरावीक काळाने होणारी सक्तीची तपासणी, कधी झाली आणि हिवाळी टायरचा संच. टायरवर हिवाळ्यात किमान 3 मिलिमीटर खाच लागते. खिळ्यांचे टायर असतील तर ओस्लो, बर्गन, ट्रोंडहाइममध्ये त्यांची वेगळी फी भरावी लागते. दोन्ही संच किमतीत धरूनच सौदा करा. फ्लॅटमध्ये दुसरा संच ठेवायला जागा नसेल तर टायर सांभाळणारी देक्कहोटेलं जवळपास सगळीकडे आहेत, ऑक्टोबरच्या गर्दीआधी तिथली वेळ घेऊन ठेवा.