बाप्तिस्मा घ्यायचाय? मग आधी हे वाचा (आणि जास्तीचा टॉवेल न्या)

दर वर्षी नाताळ झाला की आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, दोन-चार जण तरी विचारतात, भाऊ बाप्तिस्मा घ्यायचा म्हणजे नेमकं काय करायचं, कपडे कोणते, नाव बदलावं लागतं का, घरच्यांना काय सांगायचं. मी काही पाळक (चर्चचा पास्टर) नाही, धुळ्याकडचा साधा माणूस, पण बाप्तिस्म्याच्या दिवशी पाण्यात उभं राहून लोकांना हात द्यायचं काम बरीच वर्षं करतोय, म्हणून म्हटलं एकदाच सगळं लिहून टाकावं.

सगळ्यात पहिले अर्थ समजून घ्या, कारण इथेच गडबड होते. बऱ्याच जणांना वाटतं हे पाप धुवायचं स्नान आहे, गोदावरीत डुबकी मारली तसं. धुण्याचा अर्थ त्यात आहे, नाही असं नाही, पण येशूचा प्रेषित पौल याने बायबलातल्या रोमकरांस पत्रात 6 व्या अध्यायात जे लिहिलंय ते याच्या पुढचं आहे. तो म्हणतो बाप्तिस्म्यात आपण ख्रिस्ताबरोबर पुरले गेलो आणि तो उठला तसं आपणही नव्या जीवनात चालायचं. म्हणजे ही अंघोळ कमी आणि मयत जास्त आहे. पाण्याखाली जाता ती जुन्या माणसाची माती, वर येता तो दुसराच माणूस. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थच बुडवणे असा आहे.

मी रावेर-यावलच्या पोरांना केळीचं उदाहरण देतो. घड उतरवला की ते खोड संपलं, त्याला कितीही खत-पाणी घाला, दुसरा घड येत नाही, ते कापावंच लागतं आणि बाजूचं पिल वर येतं. जुन्या खोडाला रंग देऊन नवं करता येत नाही. एका पोराने लगेच पकडलं मला, म्हणे भाऊ पिल तर त्याच कंदातून येतं ना, मग नवं कसं? बरोबर आहे त्याचं, उदाहरण तिथे तुटतं. योहानाच्या शुभवर्तमानात 3 ऱ्या अध्यायात येशू निकदेम नावाच्या यहुदी पुढाऱ्याला पाणी आणि आत्मा यांच्यापासून जन्म म्हणतो, कंदापासून नाही.

आता पाण्यात काही जादू आहे का? तर नाही. वधस्तंभावरच्या चोराला बाप्तिस्मा मिळालाच नव्हता तरी येशू त्याला म्हणाला आजच तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील. मग घ्यायचाच कशाला, तर मत्तय 28:19 मध्ये येशूने सांगितलंय म्हणून, आणि त्याने स्वतः यार्देन नदीत बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाकडून घेतला म्हणून. चार लोकांसमोर उघड सांगणं आहे ते, की मी आता याचा झालो.

अर्थ कळला की पाळकांना किंवा फादरना जाऊन भेटा. फोनवर नको, समोर बसा. इथे एक गोष्ट माहीत असू द्या, सगळीकडे पद्धत एक नाही. कॅथलिकांत तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा होतो, कपाळावर पाणी ओततात, धर्मपिता-धर्ममाता उभे राहतात, आणि मोठेपणी दृढीकरण, म्हणजे तो विश्वास पक्का करण्याचा विधी, होतो. काही प्रोटेस्टंट मंडळ्याही बाळांना देतात. नवापूर, चिंचपाडा भागात मावची-भिल्ल समाजात पिढ्यान्‌पिढ्याची ख्रिस्ती घरं आहेत, तिकडच्या बऱ्याच मंडळ्यांत मात्र स्वतः कबूल करता येईल अशा वयातच आणि पूर्ण बुडवून देतात. कोणाचा खरा आणि कोणाचा खोटा यावर भांडत बसू नका. आणि लहानपणी झालेला असेल तर पाळकांना आधी सांगा, कारण बऱ्याच चर्चमध्ये दुसऱ्यांदा देत नाहीत, इफिसकरांस पत्रात एकच बाप्तिस्मा म्हटलंय ना.

पाण्यावरूनही लोक उगाच वाद घालतात, नदीच पाहिजे, वाहतंच पाहिजे. अरे बाबा, मे महिन्यात खान्देशात वाहतं पाणी कुठून आणणार? डिडाखे नावाची अगदी सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांची एक शिकवण आहे, तिच्यात लिहिलंय की वाहतं पाणी घ्या, ते नसेल तर दुसरं घ्या, थंड चालत नसेल तर कोमट घ्या, आणि दोन्ही नसेल तर डोक्यावर तीनदा ओता. एवढ्या वर्षांपूर्वी ज्यांनी हे लिहिलं त्यांना आपला उन्हाळा माहीत होता की काय असं वाटतं. आम्ही मळ्यातल्या विहिरीवरच्या हौदात दिलेले आहेत, काही बिघडलं नाही.

बाप्तिस्म्याआधी चर्चमध्ये शिकवणीचा क्लास असतो, तो चुकवू नका. कुठे चार रविवार असतो, कुठे काही महिने. तिथे पश्चात्ताप, विश्वास, प्रार्थना हे सगळं येतं. कोणी म्हणालं बाप्तिस्मा घे म्हणजे आजार जाईल, नोकरी लागेल, पैसे मिळतील, तर तिथून सरळ उठून या, तो बाप्तिस्मा नाही, सौदा आहे. घाई पण कोणी करायला लावत असेल तर थांबा. कवी ना. वा. टिळकांनी 1895 ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पाच वर्षांनी 1900 मध्ये, आणि तो स्वतःला पटल्यावर. घरात नवरा तयार आहे, बायको नाही, किंवा उलटं, तर जो तयार नाही त्याला ओढू नका. सासूबाईंना आदल्या रात्री सांगायचं हे तर अजिबात करू नका, आधीच शांतपणे सांगा, रागावतील, जेवण टाकतील, पण बाहेरून कळण्यापेक्षा ते बरं.

नाव बदलायची अट शास्त्रात कुठेच नाही. तुकाराम तुकारामच राहू द्या, नाहीतर आधार एक, सातबारा दुसरा आणि तुम्ही तलाठ्याकडे चकरा मारताय. कागदाचं निघालंय तर हेही ऐका, 1950 च्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू, शीख आणि बौद्ध यांनाच आहे, अनुसूचित जमातीला धर्माची तशी अट नाही. हे आधी नीट समजून घ्या आणि मग ठरवा, लपवाछपवी करून नव्या जीवनाची सुरुवात कशाला.

आता प्रत्यक्ष दिवस. जानेवारीत पहाटे इकडे कडाक्याची थंडी असते, तेव्हा पाणी अक्षरशः चावतं. पोट भरून जेवून येऊ नका, चहा-बिस्किट पुरे. पांढरे पातळ कपडे नकोत, ओले झाले की अंगाला चिकटतात आणि मग बाया-पोरींना संकोच होतो. गडद रंगाचा जाड सलवार-कमीज घाला, ओढणीला पिना लावा, साडी असेल तर निऱ्या घट्ट खोचा नाहीतर पाण्यावर फुगून वर येते. मोबाईल, घड्याळ घरच्यांकडे द्या. दोन टॉवेल घ्या, एक नेहमी दुसऱ्यालाच लागतो.

कमरेइतक्या पाण्यात उभं राहायचं, हात छातीवर घ्यायचे. पाळक विचारतात येशूला प्रभू मानतोस का, मोठ्याने हो म्हणा, काठावरच्यांना ऐकू गेलं पाहिजे. मग ते पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने म्हणतात आणि पाठीला हात लावून मागे नेतात. नाकावर रुमाल धरा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, गुडघे वाकवा! ताठ राहिलात तर पाय वर येतात. माझं तेच झालं होतं, पिंपळनेरच्या वरच्या अंगाला पांझरेत, गाळात पाय सरकला, सगळा बुडालो पण उजवा गुडघा बाहेर राहिला. मी वर येऊन ठसकत विचारलं, गुडघा राहिला, परत बुडवता का? पाळक इतके हसले की पुढचा माणूस पाण्यात खोळंबला. म्हणाले, गुडघ्याचा विचार नको करू, घरी जा.

घरी आलो तर फुई (आत्या) ओट्यावर बसलेली. ती काही चर्चला येत नाही. माझ्याकडे बघून म्हणाली, "देव ते बदलना तुना, आते तू कधय बदलशी?"

क्लासमध्ये कोणी एवढं नेमकं विचारलं नव्हतं. कारण तिला माहीत होतं, चुलतभावाच्या बांधावरून मी दोन तास, म्हणजे नांगराच्या दोन ओळी, आत नांगरत आलो होतो, चार वर्षं. थोडं थोडं, कोणाला दिसणार नाही असं. बाप्तिस्मा झाल्यावर प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीची भाकर, घ्यायला लागलो, साक्ष पण दिली, म्हणजे मी कसा बदललो ते सांगितलं सगळ्यांसमोर, पण ते दोन तास तसेच. दर वेळी भाकर हातात आली की बांध आठवायचा. शेवटी आखाजी (अक्षय्य तृतीया) झाल्यावर नांगरट केली तेव्हा ट्रॅक्टरवाल्याला म्हटलं दोन तास सोडून चाल. तो म्हणे का, जमीन तर तुमचीच आहे ना? मी म्हटलं नाही. चुलतभाऊ धुऱ्यावर उभा राहून बघत होता, बोलला काही नाही, पण संध्याकाळी त्याचा पोरगा आमच्याकडे कैऱ्यांची पिशवी ठेवून गेला.

म्हणून आता मी क्लासला येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो, साक्ष लिहायला बसाल तेव्हा दुसऱ्या कागदावर उधारी पण लिहा. दुकानातली, भावाची, बायकोला दिलेल्या शिव्यांची. तो कागद पाळकांना दाखवायची गरज नाही. पाण्यात जाताना कोरड्या कपड्यांच्या पिशवीत ठेवा, टॉवेलच्या खाली, म्हणजे बाहेर आल्यावर पहिला हाताला तोच लागेल.