जुन्या मोटरसायकलचं कोल्ड स्टार्टिंग आणि कार्ब्युरेटर सेटिंग : या चुका टाळा

रात्रभर गार पडलेली जुनी मोटरसायकल सकाळी दहा-बारा किक मारूनही सुरू झाली नाही, की बहुतेकांचा हात आधी स्क्रूड्रायव्हरकडे जातो. एअर स्क्रू (हवा-पेट्रोलचं प्रमाण ठरवणारा) थोडा आत, थोडा बाहेर, मग स्लोचा स्क्रू, मग पुन्हा एअर स्क्रू. अर्ध्या तासाने गाडी सुरू झालेली नसतेच, वर आधीचं सेटिंग काय होतं हेही कुणाला आठवत नाही. काल संध्याकाळपर्यंत नीट चालणाऱ्या गाडीचा स्क्रू रात्रीतून आपोआप फिरत नाही. त्याची पाळी सगळ्यात शेवटी यायला हवी.

ठिणगी न बघता कार्ब्युरेटर उघडणं

पॉइंटची (उघडझाप करून ठिणगी पाडणाऱ्या संपर्काची) टाच झिजली की गॅप कमी होतो, टायमिंग मागे सरकतं आणि ठिणगी मरगळते. गरम इंजिन अशा ठिणगीवरही सुरू होतं, गार होत नाही. म्हणून दोष कार्ब्युरेटरचा वाटतो. बऱ्याच जुन्या गाड्यांत पॉइंटचा गॅप ०.३५ ते ०.४० मिमी असतो. आपल्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये बघून फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) मोजा. पॉइंटवर भरपूर ठिणग्या उडत असतील तर त्या आवरणाऱ्या कंडेन्सरवर संशय घ्या. व्हॉल्व्हचा क्लिअरन्सही याच वेळी तपासा. घट्ट बसलेला एक्झॉस्ट व्हॉल्व्ह कॉम्प्रेशन खातो, आणि मग कुठलंही ट्यूनिंग उपयोगी पडत नाही.

चोक ओढून रेस देणं

ही चूक सगळ्यात जास्त होते, आणि तिचं मूळ चोक म्हणजे नेमकं काय हे माहीत नसण्यात आहे.

पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने साधारण १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल लागतं. पण जळते ती वाफ, द्रव पेट्रोल नव्हे. गार इंजिनात पेट्रोलमधले फक्त हलके घटक वाफ होतात, बाकीचं थेंबांच्या रूपात इनटेकच्या भिंतींना चिकटून बसतं. म्हणून सुरुवातीला मिश्रण मुद्दाम खूप रिच, म्हणजे जास्त पेट्रोलचं, करावं लागतं, आणि चोकचं काम तेच. ते करण्याच्या तऱ्हा वेगवेगळ्या आहेत. अमाल कंपनीच्या कार्ब्युरेटरमध्ये हवेची वाट अडवणारी एअर स्लाइड असते आणि जोडीला टिकलर नावाचं छोटं बटण. टिकलर दाबला की फ्लोट (पेट्रोलची पातळी राखणारा तरंगा) खाली जातो आणि पेट्रोलची पातळी वाढते. मिकुनी कंपनीच्या व्हीएम जातीच्या कार्ब्युरेटरमध्ये मात्र हवा अडवली जातच नाही. चोकची दांडी उचलली की जास्तीच्या पेट्रोलची एक वेगळी बारीक वाट उघडते, आणि त्या वाटेतून पेट्रोल ओढायला बंद स्लाइडमागचा (मुठीने वर-खाली होणाऱ्या मुख्य झडपेमागचा) व्हॅक्यूम लागतो. रेस दिली की स्लाइड उचलली जाते, व्हॅक्यूम पडतो आणि चोक असून नसल्यासारखा होतो. अशा गाडीवर चोक ओढा, मूठ पूर्ण सोडा आणि किक मारा. अमालच्या एअर स्लाइडला अगदी किंचित रेस चालते.

किक मारण्याआधी मूठ चार-पाच वेळा पिळण्याची सवयही निरर्थक आहे. या जुन्या कार्ब्युरेटरांत बहुधा ॲक्सिलरेटर पंप नसतो, त्यामुळे नुसती मूठ पिळून एक थेंबही आत जात नाही. त्यापेक्षा इग्निशन बंद ठेवून, चोक लावून दोन-तीन किक सावकाश मारा. मिश्रण सिलिंडरपर्यंत पोहोचतं.

टिकलर पेट्रोल दिसेपर्यंतच दाबायचा, धार लागेपर्यंत नाही. बाहेर सांडलेलं पुसून मगच किक. इंजिन गरम असेल तर टिकलरला हातच लावू नका.

आणि इतकं करूनही गाडी फ्लड झालीच, म्हणजे आत पेट्रोल जास्त झालं, तर पेट्रोलचा नळ बंद, चोक बंद, इग्निशन बंद, मूठ पूर्ण उघडी, आणि सात-आठ किक. प्लग काढून सुकवा. ओल्या प्लगवर किक मारत राहून फक्त पाय दुखतो.

स्क्रूची दिशा गृहीत धरणं

स्क्रू स्लाइडच्या एअर फिल्टरकडच्या बाजूला असेल, तर तो हवेचा. आत फिरवला की हवा कमी, मिश्रण रिच. तो इंजिनकडच्या बाजूला असेल, तर तो सहसा पेट्रोलचा किंवा मिश्रणाचा, आणि बाहेर फिरवला की रिच. हा फरक न बघता दुसऱ्याच्या गाडीवरचा सल्ला आपल्या गाडीवर चालवला की बरोबर उलटा परिणाम होतो. आधी स्क्रू हलक्या हाताने आत टेकवा, आणि तिथून दीड फेऱ्या बाहेर काढून सुरुवात करा; टेकवताना आवळला तर टोक आणि बैठक दोन्ही बिघडतात. अंतिम सेटिंग इंजिन पूर्ण गरम झाल्यावरच.

स्क्रू पूर्ण आत-बाहेर करूनही इंजिनच्या आवाजात काही फरक पडत नसेल, तर पायलटची वाट (स्लोमध्ये पेट्रोल पुरवणारी) बुजलेली आहे. गार इंजिन सुरू होणं आणि स्लोमध्ये चालणं बरंचसं याच केसाएवढ्या वाटेवर अवलंबून असतं. १९६७ नंतरच्या बऱ्याच अमाल कॉन्सेंट्रिक मॉडेलच्या कार्ब्युरेटरांत पायलट जेट (पेट्रोलचं माप ठरवणारं बारीक भोक) सुटा नसतो. तो एअर स्क्रूच्या वाटेत आत ठोकून बसवलेला असतो, भोक साधारण ०.४ मिमीचं. वरवर धुतलेला कार्ब्युरेटर चकचकीत दिसतो आणि आतला चिकटा तसाच राहतो. कार्ब क्लीनर त्या वाटेत भिजत ठेवा, मग दाबाची हवा मारा. जेटमध्ये स्टीलची तार घालू नका, पितळ ओरखडतं आणि माप बदलतं.

हा चिकटा येतो शिळ्या पेट्रोलमधून. महिनोन् महिने उभ्या गाडीच्या पेट्रोलमधले हलके घटक उडून गेलेले असतात, म्हणजे कोल्ड स्टार्टला जे लागतात नेमके तेच. इथेनॉल असेल तर ते हवेतला ओलावाही शोषतं. गाडी काही आठवडे उभी राहणार असेल तर फ्लोट बाउल रिकामा करून ठेवा.

फ्लँज आवळत जाणं

गरम झाल्यावरही चोक काढला की गाडी बंद पडते, किंवा मूठ सोडली तरी रेस लगेच खाली येत नाही, अशी लक्षणं दिसली की कुठून तरी जादा हवा शिरते आहे का ते बघा. फ्लँजचे (कार्ब्युरेटर इंजिनला जोडणाऱ्या पट्टीचे) नट आवळले की थांबेल असं वाटतं, पण कार्ब्युरेटरची बॉडी मऊ धातूची असते. जास्त ताणाने फ्लँज धनुष्यासारखा वाकतो, हवा आणखी शिरते आणि स्लाइडही अडकायला लागते. सरळ पट्टी लावून सपाटपणा बघा आणि ओ-रिंग (रबरी कडी) बदला.

मेन जेट (मुख्य पेट्रोलचा जेट) मोठा टाकून कोल्ड स्टार्ट सुधारत नाही. तो पाऊण रेसच्या पुढे कामाला येतो. स्लाइडला लटकलेल्या सुईची क्लिप पाव ते पाऊण रेसपर्यंत.

जुळ्या कार्ब्युरेटरच्या गाडीत एवढं सगळं नीट असून एकच सिलिंडर उचलत असेल, तर केबल बघा. एका बाजूची स्लाइड पूर्ण खाली टेकली नाही तर त्या बाजूचा चोक काम करत नाही. दोन्ही स्लाइडखाली एकाच मापाचे ड्रिल बिट ठेवून मूठ हळूच पिळा. दोन्ही एकाच क्षणी सैल व्हायला हवेत.