या चुका टाळा: घरातली मारहाण लेकरापर्यंत पोचते तेव्हा

‘बायकोला मारतो, पण पोरावर त्याचा जीव आहे.’ हे वाक्य शेजारी म्हणतात, सासू म्हणते, माहेरचे म्हणतात, आणि मार खाणारी बाईही म्हणते. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. लेकराच्या जिवावर बेतण्याच्या दोन वाटा वारंवार दिसतात. एक, आईवर उगारलेला हात मधे आलेल्या पोरावर पडतो. दुसरी, बाई घर सोडून गेली की तिला धडा शिकवायला पोराचाच वापर होतो.

पोर कडेवर घेऊन समोर उभं राहू नका

‘कडेवर लेकरू असलं की मारणार नाही’ हा भरवसा धरू नका. तान्ह्या बाळाचं डोकं अंगाच्या मानाने जड आणि मान कच्ची असते. हिसकाहिसकीत बाळ जोरात हलवलं गेलं, तर कवटी आणि मेंदू यांच्यामधल्या शिरा फाटतात आणि आत रक्त साचतं. बाहेर साधा ओरखडाही नसतो. बाळ दूध ओढत नाही, उलट्या करतं, पेंगतं, टाळू फुगते, झटका येतो. घरात मात्र ‘दृष्ट लागली’ म्हणून मीठमोहरी ओवाळण्यात रात्र जाते. त्याच रात्री सिव्हिलच्या अपघात विभागात न्या आणि ‘हिसका बसला’, ‘आपटलं’ हे स्पष्ट सांगा. ‘खाटेवरून पडलं’ म्हणालात, तर डॉक्टरांचा शोध भलत्याच दिशेला जातो.

वळ कुठे आहे तेही पाहा. धावत्या पोराच्या नडगीवर, गुडघ्यावर, कपाळावर खरचटणारच. पण चार वर्षांच्या आतल्या मुलाच्या छाती-पोट-पाठीवर, कानावर किंवा मानेवर निळं पडलं असेल, तर ते सहसा खेळातलं नसतं. कान पुढे दुमडून पाळीमागे बघा, तिथलं निळं पटकन नजरेत येत नाही. चार महिन्यांच्या आतल्या बाळाच्या अंगावर कुठेही वळ दिसला तर सरळ दवाखाना गाठा.

गळा दाबला, पण खूण नाही

म्हणून तो प्रसंग विसरायचा नाही. गळा आवळल्यावर सुमारे दहा सेकंदांत शुद्ध हरपू शकते, आणि बऱ्याचदा कातडीवर काहीच उमटत नाही. आवाज बसणं, गिळताना दुखणं, डोळ्यांत लाल ठिपके, नकळत लघवी होणं या खुणा आहेत. मानेतल्या रक्तवाहिनीला इजा झाली असेल, तर काही दिवसांनीही अर्धांगाचा झटका येऊ शकतो. अमेरिकेत २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, आधी गळा दाबला गेलेल्या बायकांचा पुढे खून होण्याची शक्यता सातपटीहून जास्त आढळली. असं एकदा जरी झालं असेल, तरी त्या घरात पोरांना ठेवणं धोक्याचं समजा.

सांगून निघू नका

‘आता मी जातेच’ हे भांडणात तोंडावर बोलून दाखवणं म्हणजे धोका ओढवून घेणं. निघण्याची वेळ आणि त्यानंतरचे काही महिने सर्वांत वाईट. विड्या वळणाऱ्या बाईचं तयार विड्या द्यायला जाणं ठरलेलंच असतं, तेव्हा बाहेर पडलं तर कुणी विचारत नाही. पोरं मात्र सोबतच घ्या. ‘चार दिवस राहू दे आजीकडं’ असं म्हणून मागे ठेवलेलं पोर परत मिळवताना नाकी नऊ येतात. पिशवी आधीच विश्वासाच्या घरी ठेवा: मुलांचे जन्मदाखले, लसीकरणाचं कार्ड, आधार, रेशनकार्डाची झेरॉक्स, पासबुक, विडी कामगाराचं ओळखपत्र, दवाखान्याचे कागद. मोबाइलचं लोकेशन बंद करा, आणि माहेरी पोचल्यावर स्टेटस टाकू नका.

मग गोड बोलून फोन येतो: ‘पोराला गड्ड्याची जत्रा दाखवून आणतो, संध्याकाळी सोडतो.’ एकट्याकडे देऊ नका. भेट व्हायचीच असेल तर न्यायालयाने ठरवून दिलेली, तिसऱ्या माणसासमोर.

एनसी झाली म्हणजे काम झालं नाही

पोलिसांनी अदखलपात्र नोंद (एनसी) घेऊन नवऱ्याला समज देऊन सोडलं, की तो घरी येऊन दुप्पट मारतो. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे जा, त्यांच्याकडून घटना अहवाल भरून घ्या. माहेरी राहत असाल तर तिथल्या न्यायालयातही अर्ज चालतो. फक्त पोटगी मागून थांबणं ही नेहमीची चूक. कलम १८ खाली संरक्षण, १९ खाली राहण्याचा हक्क आणि २१ खाली मुलांचा तात्पुरता ताबा एकाच अर्जात मागा. भेटीत मुलाला धोका असेल तर दंडाधिकारी ती नाकारू शकतात. निकड असेल तर कलम २३ खाली समोरच्याला न ऐकताही आदेश निघतो. आदेशात मुलांची नावं आणि शाळेचं नाव येईल असं वकिलाला सांगा, आणि एक प्रत मुख्याध्यापकांना द्या, नाहीतर शाळा सुटताना बाप म्हणून तोच पोराला घेऊन जाईल. संरक्षणाचा आदेश मोडला तर तो दखलपात्र, अजामीनपात्र गुन्हा आहे. बाईला वकील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मिळतो, फोन १५१००.

‘पोरांना घेऊन जीव देते’ असं ती बोलली, तर त्याला रागातलं बोलणं समजू नका. तिला आणि पोरांना एकटं सोडू नका, टेलिमानस या मानसिक आधाराच्या सरकारी फोनसेवेला १४४१६ वर फोन लावा.

शेजाऱ्यांसाठी

सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागाच्या खटखटीत किंकाळी ऐकू येत नाही. माग बंद असताना आवाज आला, तर आत घुसून नवऱ्याशी हुज्जत घालू नका, त्यात मार वाढतो. साखर मागायला म्हणून दार वाजवा, ‘अक्का, पोरांना आमच्याकडं पाठवा’ म्हणा, आणि ११२ लावा. मुलांसाठी १०९८, बाईसाठी १८१. चांगल्या हेतूने संरक्षण अधिकाऱ्याला माहिती दिली तर तुमच्यावर जबाबदारी येत नाही, हे कायद्याच्या कलम ४ मध्येच लिहिलंय. ११२ वर बोलताना आधी पत्ता सांगा, मग घरात पोरं किती, हत्यार किंवा रॉकेल हातात आहे का, प्यायलाय का. गल्ल्या एकसारख्या दिसतात, म्हणून जवळचं देऊळ किंवा किराणा दुकान सांगा, आणि कुणाला तरी कोपऱ्यावर गाडीची वाट बघत उभं करा.