जपानहून सुतारकामाची हत्यारं आणताय? या चुका टाळा

नोकरीनिमित्त किंवा फिरायला जपानला जाणारे मराठी लोक आता बरेच आहेत. त्यात लाकूडकामाची आवड असणारा कुणी असला की परतीच्या बॅगेत एखादा रंधा, दोन पटाश्या आणि एक करवत असतेच. असावीच. हाताने घडवलेल्या हत्यारांचा इतका जिवंत बाजार जगात फार थोड्या ठिकाणी उरलाय. वाईट याचं वाटतं की यातली बरीच हत्यारं घरी आल्यावर कपाटात पडून राहतात. दोष हत्यारात क्वचितच असतो. ते घेताना आणि पहिल्यांदा वापरताना चूक झालेली असते.

भलत्याच बाजारात शोधणं

टोकियोतली काप्पाबाशी आणि ओसाकाजवळचं साकाई ही नावं सगळ्यांनी ऐकलेली असतात, पण ती स्वयंपाकाच्या सुऱ्या-भांड्यांसाठी. सुतारी हत्यारांची जुनी गावं म्हणजे ह्योगो प्रांतातलं मिकी आणि निइगाता प्रांतातलं सांजो. कोबेला जाणार असाल तर आधी शिन-कोबे स्टेशनजवळचं ताकेनाका सुतारी हत्यारांचं संग्रहालय बघा (सोमवारी बंद असतं). तिथे दोन तास घालवले की चांगलं पातं कसं दिसतं हे डोळ्यांत बसतं, आणि मग दुकानात काय विचारायचं ते कळतं. मिकी तिथून लोकल गाडीने गाठता येतं.

नवा रंधा म्हणजे तयार रंधा, असं समजणं

सगळ्यात जास्त निराशा इथे होते. जपानी रंधा, म्हणजे कान्ना, स्वतःकडे ओढून चालवायचा असतो. त्याचं पातं पाचरीच्या आकाराचं, वर जाड आणि खाली पातळ असतं, आणि ओकच्या ठोकळ्यातल्या खाचांत नुसत्या दाबाने घट्ट बसतं. कारागीर ही खाच मुद्दामच जराशी घट्ट ठेवतो, कारण शेवटचं जमवणं विकत घेणाऱ्याने करायचं असतं. हे माहीत नसलेला माणूस पातं हातोड्याने ठोकत राहतो आणि ठोकळा चिरतो.

योग्य पद्धत अशी. पात्याच्या ठोकळ्यावर टेकणाऱ्या बाजूला पेन्सिलचं शिसं चोळा, हलक्या हाताने बसवा, बाहेर काढा. खाचेत जिथे काळे डाग उमटले असतील तेवढंच पटाशीने खरवडा. पुन्हा बसवा, पुन्हा बघा. बेताच्या ठोक्यांनी धार तोंडापर्यंत, म्हणजे तळातल्या फटीपर्यंत येईल इतपत हे करत राहायचं, घाई अजिबात करायची नाही. पातं काढताना ठोकळ्याच्या मागच्या टोकाच्या दोन्ही कोपऱ्यांवर आळीपाळीने टकटक करा, मधोमध मारू नका. तळही पूर्ण सपाट नसतो. पुढची कड आणि तोंडालगतची पट्टी लाकडाला टेकते, बाकीचा भाग केसभर खोल ठेवतात.

त्यात आपली हवा. विदर्भातल्या मे महिन्यात ठोकळा आकसतो, पोलाद आकसत नाही, आणि मग तडा जातो. म्हणून पात्याच्या दोन्ही बाजूंना थोडी मोकळी जागा हवीच, आणि काम संपल्यावर पातं सैल करून ठेवायचं. एवढा व्याप नको असेल तर दुकानातच "वापरायला तयार करून द्याल का" असं विचारा. काही जुनी दुकानं थोडे पैसे घेऊन करून देतात, आणि ते पैसे सत्कारणी लागतात.

पोलादाच्या नावावर भाळणं

शिमाने प्रांतातल्या यासुगीच्या पोलादाची 'पांढरा कागद' आणि 'निळा कागद' ही नावं त्यांच्या वेष्टणाच्या रंगावरून पडली. पांढऱ्यात लोखंडाखेरीज जवळजवळ नुसतं कार्बनच असतं, त्याला धार पटकन आणि बारीक लागते. निळ्यात टंगस्टन आणि क्रोमियम घालतात, त्यामुळे धार जास्त टिकते, पण लावायला वेळ लागतो. आपल्या सागात सिलिका असते, ती धार खाते, म्हणून सागावर रोज काम करणाऱ्याने निळं घेतलं तर समजण्यासारखं आहे. धार लावायला अजून शिकत असाल तर पांढरं घ्या, मग विकणारा काहीही म्हणो.

पटाशीच्या (नोमीच्या) बाबतीत दोन गोष्टी राहून जातात. एक, दांड्याच्या टोकाची लोखंडी कडी नव्या पटाशीवर नुसतीच चढवलेली असते. ती काढून दांड्याचं टोक हातोडीने दाबून घ्यायचं, कडी दोनतीन मिलिमीटर खाली सरकवायची आणि वर उरलेलं लाकूड ठोकून पसरवायचं. नाहीतर प्रत्येक घाव लाकडाऐवजी कडीवर बसतो. दोन, पाठीवरचा (धारेच्या उताराच्या उलट बाजूचा) खोलगट भाग हा दोष नाही. तो सपाट करायला पॉलिशपेपरवर घासत बसाल तर वर्षानुवर्षं पुरणारी सोय एका दुपारी संपेल. कडेची चकचकीत चौकट सपाट असली की पुरे.

शिवाय ही हत्यारं सुगी आणि हिनोकीसारख्या जपानी झाडांच्या मऊ लाकडावर वाढलेली आहेत. शिसव किंवा बाभळीवर धारेचे टवके उडायला लागले तर पटाशीला दोष देऊ नका, धारेचा कोन 30 अंशांवरून 35 करा. करवतीलाही हेच लागू. कठीण लाकडासाठीचं पातं वेगळं मागा, आणि कापताना जोर फक्त ओढताना द्या. पुढे ढकलताना दाबलं की पातळ पातं वाकलंच. दाते कडक केलेल्या करवतीला पुन्हा धार लागत नाही, म्हणून जादा पातं सोबतच घ्या.

ग्राइंडर

आणलेली पटाशी नाक्यावरच्या धारवाल्याकडे देऊ नका. कोरड्या चाकावर कड निळी पडली की तिथलं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरलं. पाणी घालून धार लावायचे 1000 आणि 6000 नंबरचे दोन दगड जपानहूनच आणा. वजन होतं, तरीही आणा.

जुन्या बाजारातली घाई

क्योतोत तोजी मंदिरात दर महिन्याच्या 21 तारखेला आणि कितानो तेन्मान्गूला 25 तारखेला बाजार भरतो. जुन्या पटाश्या तिथे स्वस्तात मिळतात. वरचा गंज चालतो. पाठीवर, धारेजवळ गंजाचे खड्डे असतील तर सोडा. धारेच्या उतारावर मऊ लोखंड आणि कडक पोलाद यांच्यामधली रेघ दिसते. पाठीकडून ती पोलादाची पट्टी किती लांबवर उरलीय ते बघा, कारण तेवढंच हत्याराचं आयुष्य शिल्लक आहे.

बॅग आणि बिल

सगळं चेक-इन सामानात, धारेला जाड पुठ्ठा बांधून. जपानमध्ये 6 सेंटिमीटरहून लांब पातं कारणाशिवाय जवळ बाळगणं गुन्हा आहे, म्हणून दुकानाचं पॅकिंग फोडू नका आणि बिल सोबत असू द्या. 10 टक्के उपभोग कराची सवलत पर्यटकांना मिळते, तिथे नोकरी करणाऱ्यांना नाही. तीही परवानाधारक दुकानात, 5,000 येनच्या खरेदीपासून पुढे, पासपोर्ट दाखवून. 1 नोव्हेंबर 2026 पासून मात्र दुकानात पूर्ण पैसे भरायचे आणि देश सोडताना कस्टम्सची तपासणी झाल्यावरच कर परत मिळायचा, अशी पद्धत आहे. घरी पोचल्यावर पात्यांना लगेच तेलाचा हात फिरवा, मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात हे पोलाद एका रात्रीत गंज धरतं.