मशीनजवळ उभं राहून वाचता येईल असं मॅन्युअल कसं बनवायचं

बेळगावच्या उद्यमबागेतल्या कुठल्याही वर्कशॉपात जावा, मॅन्युअल असतंच, कपाटात, फाईलीत, वर धूळ. फिल्टर बदलायचा असला की ऑपरेटर ते उघडत नाही, शेजारच्या मशीनवरच्या मामाला विचारतो. आळशी आहे म्हणून नाही वो, चाळीस पानांत फिल्टर कुठल्या पानावर आहे तेच सापडत नाही म्हणून. आत लिहिलेलं बहुतेक वेळा बरोबरच असतं, मांडणीनं घोळ केलेला असतो. मी हायड्रॉलिक पॉवर पॅकचे, म्हणजे तेलाच्या दाबावर मशीन चालवणाऱ्या युनिटचे कागद बनवतो त्यामुळं उदाहरणं तिथलीच देतो, पण लेथ असो नाहीतर पंप, काम तेच.

वर्डमध्ये सगळ्यात आधी स्टाईल्स वापरायची सवय लावून घ्या. मथळा म्हणजे अक्षर मोठं करून बोल्ड केलेली ओळ असं धरून चालू नका, ओळीवर कर्सर ठेवून हेडिंग १ किंवा हेडिंग २ लावा. मग अनुक्रमणिका आपोआप तयार होते, आणि पीडीएफ काढताना ऑप्शन्समध्ये हेडिंगवरून बुकमार्क बनवायची टिक केली की फोनवर 'फिल्टर बदलणे' वर बोट ठेवलं की थेट त्या पानावर. नवीन पानासाठी एंटर दाबत बसू नका, कंट्रोल-एंटर आहे. टेबल दोन पानांवर गेलं तर रिपीट हेडर रोज लावा, नाहीतर दुसऱ्या पानावर नुसते आकडे, कशाचे ते कुणाला कळणार.

आता मराठीची खास गोची. वर्डमध्ये देवनागरीचा फॉन्ट आणि साईझ वेगळीकडं असते, फॉन्टच्या खिडकीत कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स म्हणून, लिबरऑफिसात तेच सीटीएल म्हणून दिसतं. स्टाईलमध्ये तिथं बदल केला नाही तर मथळ्यातलं इंग्रजी ठळक आणि मराठी तसंच बारीक असं विचित्र दिसतं, आणि माणूस अर्धा दिवस डोकं धरून बसतो. इटॅलिक देवनागरीत शोभत नाही, अंडरलाईन तर उकार-ऊकारांतनं आरपार जाते, त्यामुळं जोर द्यायचा तर फक्त बोल्ड, तेही थोडं. ओळींमधलं अंतर दीडपट ठेवा कारण आपल्याकडं वर वेलांटी, खाली उकार, अक्षराला दोन्हीकडं जागा लागते. जस्टिफाय करू नका, मराठी शब्द लांब, ओळीत भोकं पडतात. डावीकडून सरळ, बास.

जुन्या फॉन्टातली फाईल मात्र आधी युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या फोनवर चालणाऱ्या अक्षरांत करून घ्या, मराठीची असो नाहीतर नुडी या कन्नड टायपिंगच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या फॉन्टातली कन्नड, तो फॉन्ट नसलेल्या फोनवर उघडली की नुसता कचरा दिसतो आणि त्यात शोधताही येत नाही. मी नोटो सॅन्स वापरतो, फुकट आहे आणि देवनागरी-कन्नड दोन्हीत मिळतो.

दोन्ही लागतंच की आपल्याकडं. एका पाळीत खानापूर-चंदगडकडचा पोरगा मराठी वाचतो, त्याच्या बाजूचा बैलहोंगलचा कन्नड. एक ओळ मराठी एक ओळ कन्नड अशी खिचडी केली तर दोघंही वाचत नाहीत. वेगवेगळी पानं करा, पण पायऱ्यांचे नंबर तेच ठेवा, म्हणजे एकानं 'सातपर्यंत झालंय' म्हटलं की दुसरा आठपासून घेतो. फोटोवर नावं लिहू नका, गोलात नंबर टाका आणि नावं खाली टेबलात, तोच फोटो दोन्हीकडं चालतो. आकडे मशीनच्या डिस्प्लेवर आणि गेजवर जसे दिसतात तसेच, म्हणजे इंग्रजी, ते सगळ्यांना वाचता येतात. आणि '210' ओळीच्या शेवटी आणि 'बार' हे दाबाचं माप खालच्या ओळीत असं तुटू नये म्हणून मधली स्पेस कंट्रोल-शिफ्ट-स्पेसनं द्या.

पायऱ्या कशा लिहायच्या ते बघा. नेहमी असं सापडतं: 'फिल्टरची टोपी उघडून जुना फिल्टर काढून नवीन बसवावा, तत्पूर्वी मोटर बंद करून दाब शून्य असल्याची खात्री करावी.' वाचणारा 'तत्पूर्वी'ला पोचेपर्यंत पाना टोपीवर लागलेला असतो. त्यापेक्षा:

सावधान: अॅक्युम्युलेटर (दाबाखालचं तेल साठवणारी बाटली) असेल तर मोटर बंद केल्यावरही लाईनीत दाब राहतो.
१. मोटर बंद करा.
२. दाब सोडा.
३. गेज शून्यावर आलाय का बघा.
४. मगच फिल्टरची टोपी उघडा.

एका नंबरात एकच काम, आणि धोका कामाच्या आधी, कधीच नंतर नाही. करावे-असावे काढून टाका, ते नोटीस बोर्डावर ठीक. नंबर हातानं टाईप करू नका, ऑटो नंबरिंग लावा, मधे एक पायरी घुसवली की खालचे आपोआप सरकतात.

बाहेर देण्याआधी आयटीआयतनं नवीन आलेल्या एखाद्या पोराच्या हातात द्या आणि गप्प उभं रहा. 'सर, हे कुठलं वो?' असं जिथं विचारेल तिथं खूण करा, उत्तर तोंडानं नको, कागदात घाला.

पाठवायचं कसं, तर ए४ ची पीडीएफ फोनवर वाचता येत नाही, हिशोब सोपा आहे, ए४ ची रुंदी २१० मिलीमीटर आणि फोनच्या स्क्रीनची साधारण ७०, म्हणजे तुमचं बारा पॉईंटचं अक्षर चारचं होतं. फोनसाठी पान ए५ करा, १४८ बाय २१०, आणि अक्षर सोळाच्या वर. भिंतीसाठी वेगळा ए४, एका पानात एकच काम, लॅमिनेट करून, कारण पावसाळ्यात साधा कागद आपल्याकडं टिकत नाही. स्क्रीनशॉट पीएनजीत ठेवा, मशीनचे फोटो जेपीजीत. व्हॉट्सअॅपवर फाईल डॉक्युमेंट म्हणूनच टाका, पानाचा फोटो काढून पाठवला की बारीक अक्षर फुटतं.

प्रत्येक पानाच्या तळाला रिव्हिजन नंबर आणि तारीख हवीच, ग्रुपवर जुनी फाईल वर्षानुवर्षं फिरत असते. गुगल ड्राईव्हवर ठेवलं असेल तर नवीन फाईल वेगळी चढवू नका, मॅनेज व्हर्जन्समधनं त्याच फाईलवर चढवा, लिंक तीच राहते आणि मशीनवर चिकटवलेला त्या लिंकचा क्यूआर कोड बदलावा लागत नाही. फक्त शेअरिंग 'लिंक असलेल्या कुणालाही' असं आहे का ते दुसऱ्याच्या फोनवरून तपासा, आणि क्यूआर तेलाच्या टाकीवर नको, पॅनलच्या बाजूला डोळ्याच्या उंचीवर चिकटवा, टाकीवर तेलाच्या हातांनी काळा पडतो आणि मग स्कॅनच होत नाही.